आधी तुम्ही

आमच्या गावाला सभ्यपणाचा आजारच आहे. आयोवातलं हे गाव नदीने मधोमध कापलंय; अलीकडे धान्याच्या कोठ्या, पलीकडे इस्पितळ, आणि पुलाच्या तोंडाशी बिनसिग्नलचा चौक. तिथे दोन गाड्या समोरासमोर आल्या की दोघंही काचेतून हात हलवत बसतात: आधी तुम्ही. असाच हात म्हाताऱ्या ऑर्विलने एका बाईला केला होता. बाजूने येणारा खडीचा ट्रक त्याला दिसलाच नाही. बाई जागीच गेली. त्यानंतर ऑर्विल कुढत राहिला, आणि परवा तोही गेला.

त्याच्या बायकोकडे आम्ही चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचं गरम भांडं घेऊन निघालो होतो. गाडी माझी मुलगी कोरीन चालवत होती. भर दुपारी नदीवरून धुकं चढलं होतं, कोठ्यांकडून ओल्या मक्याचा आंबूस वास येत होता. चौकात समोर एक तपकिरी पिकअप उभी होती.

"बाबा, ही तर ऑर्विलआजोबांची..."

"त्यांचा मुलगा असेल. जा की, इथेच संध्याकाळ करतेस का?"

पण सवयीने तिने हात हलवला. पिकअप हळूहळू पुढे आली, आमच्या शेजारून गेली. आत कुणीच नव्हतं.

मी दबक्या आवाजात म्हणालो, "कोरीन, चल..."

ती जागची हलेना. तिचा हात मात्र हलतच होता. तेवढ्यात पुलावरून दिवे आले. माझ्या बायकोची, मार्लिसची गाडी; ती इस्पितळातली ड्यूटी संपवून घरी निघाली होती. आणि डावीकडे, धुक्यात, खडीचा ट्रक घरघरत होता.

"हात खाली घे."

"बाबा... तो माझं ऐकत नाहीये."

मी दोन्ही हातांनी तो धरला. गारठलेला आणि जड. जीव खाऊन खाली दाबला. ट्रक दोन्ही गाड्यांच्या मधून धडधडत गेला. मग मार्लिस निघाली, आमच्याकडे न बघताच.

रात्री जेवताना मार्लिस म्हणाली, "हसू नकोस हं. आज चौकात मला ऑर्विल दिसला, त्याच्या पिकअपमध्ये. मला हात करत होता. मी निघणारच होते, पण त्याच्या शेजारी कुणीतरी बसलं होतं रे... त्याने तो हात खाली दाबून धरला."

मी हसलो नाही. मी कोरीनकडे पाहिलं. ती डाव्या हाताने जेवत होती. उजवा तिने मांडीखाली दाबून धरला होता.