पाण्यावर घेतलेलं नाव

डोमा त्या दिवशी निघाला तो नेहमीसारखा आरमोरीच्या बाजाराला. मासोळी विकायची, येताना घरावर टाकायला ताडपत्री आणायची, एवढंच काम. वैनगंगेच्या मधोमध सखल बेटावर मासे धरणाऱ्या ढिवरांची मोजकी घरं. पाणी चढलं की डोंग्यात बसून काठावर यायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. पण पावसाळा सरत आला होता. बंगालच्या समुद्रातलं वादळ इतक्या लांब कशाला येतंय, म्हणून माणसं निवांत होती. वादळाला आवतण थोडंच लागतं!

दुपारी डोमा काठावर पोचला तर आभाळ इतकं काळं की दिवसा दिवा लावावा. बेट दिसेना. शेजारपाजारची माणसं भिजत उभी होती, त्यांत भागीरथा नव्हती. बायको कुठं आहे, हे विचारायचीही वेळ आली नाही. शेजारच्या मुखरूनं खाली मान घालून सांगितलं, की वहिनी शेळ्या सोडायला मागं राहिली आणि मग धार एवढी वाढली, की डोंगा परत नेता आला नाही. डोमानं पुरतं ऐकलंही नाही. डोंगा लोटला.

आता ढिवरांचा एक नेम आहे. पाण्यावर माणसाचं नाव घेऊन हाक मारायची नाही. नदी ते नाव शिकते, मग त्याच माणसाच्या आवाजात बोलते. ताट वाजवायचं, शीळ घालायची. डोमानंही धारेत जाऊन डोंग्यातलं ताट बडवलं, पण पावसापुढं त्याचं काय चालणार? शेवटी त्या माणसाचं काळीज फाटलं.

"भागीरथाऽऽ!"

"ओ..." उजवीकडून, अगदी जवळून.

आणि लगेच डावीकडून, लांबून, बारीक, "अवो... इकडे या..."

नवऱ्याला बायकोचा आवाज कळत नाही काय? कळतो हो. दोन्ही तिचेच होते, तिथंच तर घात झाला. डोमा जवळच्या आवाजाकडे वळला. कोणीही वळलं असतं.

तिथं नुसतं पाणी गरगरत होतं. त्या पाण्यातून पुन्हा मायेनं आलं, "ओ..."

तो उलटा फिरेस्तोवर डावीकडं सगळं गप्प झालं होतं.

पूर ओसरल्यावर भागीरथा बेटाच्या डाव्या टोकाला बाभळीत सापडली. फांदीला मारलेली मिठी सोडवता सोडवेना. बाकीची घरं काठावर गेली ती गेलीच. डोमा मात्र बेटावर परतला. सांजवेळी पाण्यातून "ओ" यायचं, कोणी हाक न मारता. ती भागीरथा नव्हे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तो आवाज त्या बिचाऱ्याला दुसरीकडं कुठं मिळणार होता?

एका सांजेला मुखरू त्याला न्यायला आला. दोघं पाण्याकाठी बसले असताना भागीरथाच्या आवाजात हाक आली.

"डोमा..."

मुखरू झटकन मागं सरकला. डोमा मात्र हसला, डोळे भरून आलेले.

"तिनं जल्मात माह्यं नाव घेतलं नाई, भाऊ. आमच्यात बाया घेत नाई."

"मंग ओ देऊ नको."

"मले समजते रे. पर त्या दिवशी तिनं बलावलं, आन् मी गेलो नाई..."

"ओ," म्हणत डोमा उठला आणि पाण्यात उतरला. मुखरूनं सदरा धरला, तो हातात फाटला.

तेवढ्यात डावीकडून, लांबून, बारीक आवाज आला, "अवो... नका जाऊ तिकडे..."

तो एकट्या मुखरूला ऐकू आला.