फ्रिजवरचे एक्केचाळीस

काल मेकॅनिक प्रफुल लशींचा फ्रिज साफ करायला आला, नंदिनीला पाहिलं आणि हातातला पाना स्वतःच्याच पायावर पाडून घेतला. एटापल्लीकडच्या जंगलातल्या एका दवाखान्यात नंदिनी नर्स होती. दोघांची ती पहिलीच भेट. "सावकाश जी," म्हणत ती हसली... आणि तो लाजून लालेलाल!

आज सकाळी मात्र तिचं हसू पार पळालं. बाहेर मोहाच्या झाडाखाली लेकरं घेऊन बाया बसलेल्या, लांबलांबच्या टोल्या-पाड्यांवरून पायी आलेल्या. आणि फ्रिजवर आकडा — ४१! लशी दोन ते आठ अंशांत ठेवायच्या. एवढ्या तापल्या की सगळ्या बाद. आज परत पाठवलेल्या बाया पुन्हा या उन्हात येतील कशाला? लेकरं तशीच राहतील.

खरं तर मे महिन्यात या मुलखात एक्केचाळीसचं कुणाला नवल? रोजचाच पाहुणा तो! नंदिनीलाही तो आकडा खराच वाटला. उरलासुरला गारवा जाऊ नये म्हणून तिनं झाकणही उघडलं नाही. थेट प्रफुलला फोन लावला.

तो धुळीनं माखून आला.

"कालच साफ करून गेले नं तुमी? मंग काऊन असं?" तिचे डोळे भरून आले.

"रडू नका जी... पाहू तर द्या." त्यानं फ्रिजला कान लावला. "मशीन तर बराबर चालून राह्यली!"

तो डोकं खाजवत बसला. नंदिनीनं ओढणीच्या टोकानं आकड्यावरची धूळ पुसली, आणि कोपऱ्यात बारीकसा 'एफ' दिसला.

"थांबा! हे सेल्सिअस नाई, फॅरनहाइट होय!" ती बोटांवर मोजू लागली. "एक्केचाळीसातून बत्तीस गेले, राह्यले नऊ. नऊ पंचे पंचेचाळीस. त्याले नवानं भागलं तर..."

"पाच!" दोघंही एकदम ओरडले.

तिनं झाकण उघडलं. गार हवा तोंडावर आली. हसावं की रडावं कळेना, तेव्हा तिनं दोन्ही केलं.

"पण हे फॅरनहाइटचं बटन दाबलं कोणं?"

प्रफुलनं बटनाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मीच असन... काल लक्ष ठिकाणावर नव्हतं."

"कुठी होतं?"

"तुमच्याकडं."

नंदिनीनं डोळे वटारले खरे, पण ओठ काही ऐकेनात.

"डॉक्टर साहेबांले मी सोताच सांगतो, चूक माझी हाय म्हणून," तो म्हणाला.

"सांगाच. आधी बाहेर बायांले सांगा, लशी चांगल्या हायत."

दुपारी शेवटचं लेकरू रडून, आईच्या पदराआड शांत झालं. दवाखाना रिकामा झाला, तरी प्रफुलची गाडी दारातच.

"रागावल्या काय?"

"रागावली नं! अन् तुमच्या गाडीचा आवाज ऐकला तवा जिवात जीव आला, तेबी खरं." नंदिनीनं नजर चुकवली नाही. "रविवारी आलापल्लीले आमच्या घरी या. बाबांले भेटा."

प्रफुलनं गाडीची किल्ली हातात फिरवली. "अन् त्यायनं इचारलं, तू कोण, तर...?"

"नाई इचारत," नंदिनी म्हणाली. "काल संध्याकाळीच फोनवर मी त्यांले पायावर पाना पाडणाऱ्याचं सगळं सांगून टाकलं."