कनूडल या शब्दाचा उगम

माझ्या फाइलीत ‘कनूडल’ या इंग्रजी शब्दाची एकोणीस कात्रणं होती. चौदा वर्तमानपत्रांतली, चार खासगी पत्रांतली, एक बिनतारखेचं. अर्थ सगळीकडे तोच – बिलगून बसणं, लाडीगोडी करणं. वापर बहुधा चेष्टेत, आणि नेहमी दुसऱ्या कुणाबद्दल. ‘उगम’ची चौकट मात्र रिकामी होती.

तेवढ्यासाठी मी टोरांटोच्या शब्दकोश कचेरीतून पीटरबरोला आले. नदीकाठी कॅलमचा लाकडी कनू, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होड्या, बांधायचा कारखाना. दारावर त्याच्या आजोबांनी रंगवलेली पाटी – ‘कनूडल हा शब्द कनूतच जन्मला.’

“पुरावा?” मी विचारलं.

“आधी नाव तरी सांगा!” तो हसला. दाढीत सीडरच्या लाकडाचा भुसा अडकलेला.

“थिया.” मी टेप काढून कनूतल्या दोन बैठकांमधलं अंतर मोजलं. दोनशे एकतीस सेंटीमीटर. “एवढ्या लांबून कोण बिलगणार?”

“आजोबांच्या वेळी मुलगी बैठकीवर बसायचीच नाही. तळाशी उशी टाकून, वल्हवणाऱ्याकडे तोंड करून. घरी आई, ओसरीवर आत्या… नदीत कोण डोकावणार?”

मी ते लिहून घेतलं. पुढच्या शनिवारी नवा प्रश्न घेऊन आले. त्याच्या पुढच्याही.

पाचव्या शनिवारी त्याने विचारलं, “मग, सापडलं?”

“नाही. जुन्या कात्रणांत कनू नाहीच… साधी नदीसुद्धा नाही. महिनाभर शोधलं, तू खरा ठरावास म्हणून. पण मला ‘उगम अज्ञात’ असंच लिहावं लागणार.”

तो पाटीकडे बघत राहिला. आता हा ‘येऊ नकोस’ म्हणणार, असं वाटून मी फाइल मिटली.

“आजोबा चिडले असते,” तो म्हणाला.

“आणि तू?”

“‘नाही’ एवढं सांगायला एक फोन पुरला असता, थिया. दर शनिवारी दोन तास बसमध्ये कशाला धक्के खाल्लेस?”

“प्रश्न बाकी होते…”

“कसले?”

“वापराचे.”

त्याचे कान लाल झाले. त्याने कनूच्या तळाशी एक उशी टाकली आणि हात पुढे केला.

काठ सुटला तेव्हा मी टेप धरली. आमच्यातलं अंतर बासष्ट सेंटीमीटर.

पुलापलीकडे, शून्य.