खडपवाडीखालचे धक्के

तातेकुंड गावाला त्या आठवड्यात एक कोडं पडलं होतं. जमिनीखालचे छोटे छोटे भूकंप आपली नेहमीची जागा सोडून चालायला लागले होते. ते कुणीकडे निघालेत हे कळलं, तेव्हा खडपवाडीची माणसं घरांना कुलपं लावून खाली गावात उतरली.

भूकंप तातेकुंडला नवे नव्हते. गावात गरम पाण्याची कुंडं फार पूर्वीपासून होती. केतकी घागच्या जन्माआधी तिथे भूऔष्णिक केंद्र (जमिनीच्या पोटातल्या उष्णतेवर वीज तयार करणारं केंद्र) उभं राहिलं. एका खोल विहिरीतून उकळतं पाणी वर यायचं, त्याच्या वाफेवर चाकं फिरायची आणि निवलेलं पाणी दुसऱ्या विहिरीतून परत जमिनीत सोडलं जायचं. ते पाणी खडकांच्या फटीत शिरलं की खडक केसभर सरकायचे. तेवढ्यानेच एक इवलासा भूकंप व्हायचा. कुणाला जाणवायचाही नाही, पण तो टिपण्यासाठी गावाभोवती पाच ठिकाणी भूकंपमापक (जमिनीची बारीकशी थरथर नोंदवणारं यंत्र) पुरून ठेवले होते. त्यांतला एक शाळेच्या मागच्या आवारात होता.

पाचही यंत्रांवर नजर ठेवायचा तो जागल्या. जागल्या म्हणजे माणूस नव्हे, केंद्रातला संगणक. गावाच्या पाण्याच्या टाकीवर त्याचा दिवा होता: हिरवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे पाणी सोडणं बंद. आता तो दिवा लाल होता. भूकंप केंद्राखालून सरकत खडपवाडीच्या टेकडीखाली आले आहेत, असं जागल्याने सांगितलं होतं. त्या टेकडीखाली एक जुना भ्रंश (खडकातली मोठी भेग, जिथे दोन बाजू एकमेकींवर घसरू शकतात) होता. तो हलला तर धक्का इवलासा राहिला नसता.

शाळेतल्या यंत्राची राखण सहावीतल्या केतकीकडे होती. रोज सकाळी तिथे जाऊन पाहायचं आणि शाळेतल्या पडद्यावर ‘ठीक’ असं दाबायचं, एवढंच काम. हे काम तिला डॉक्टर यास्मीन मुकादम यांनी दिलं होतं. त्या केंद्रातल्या भूकंपशास्त्रज्ञ. गावातली सगळी मुलं त्यांना यास्मीनताई म्हणायची.

वाडी रिकामी झाली त्या दुपारी केतकी समाजमंदिरात गेली. सतरंज्यांवर माणसं बसली होती. तिची मैत्रीण हेमा भुवड आपल्या तान्ह्या भावाला वारा घालत होती. एवढ्याशा बाळाला त्या पत्र्याच्या छपराखाली उकाड्याने घामोळं आलं होतं आणि ते रडून रडून लाल झालं होतं. हेमाचे आजोबा भिंतीला टेकून बसले होते. गुरं वरच राहिली होती आणि त्यांचं सगळं लक्ष तिकडे होतं. केतकीला पाहून मात्र त्यांनी तिला जवळ बोलावलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“पोरी, तुज्या येंत्रानं येळेवर सांगितलान, म्हणून आमी भाईर पडलो.”

केतकीने मान खाली घातली. ती घाईघाईने तिथून निघाली.

कारण एक गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. यंत्राशेजारी एक लोखंडी खांब होता आणि खांबावर भूछत्रासारखी पांढरी टोपी होती. पंधरवड्यापूर्वी कैऱ्या काढायला म्हणून केतकी त्या खांबावर चढली. खांब वाकला आणि टोपीला तडा गेला. मुख्याध्यापकांना दिसू नये म्हणून तिने बांधकामाचं एक पडीक घमेलं टोपीवर पालथं घातलं आणि वरून सुतळीने बांधलं. वळवाचा पाऊस पडला तर टोपी भिजायला नको, अशी तिने स्वतःची समजूतही घातली. दुसऱ्या दिवशी पडद्यावर ‘ठीक’ दाबताना तिचं बोट क्षणभर थांबलं होतं. नंतर थांबेनासं झालं.

समाजमंदिरातून ती सरळ केंद्राच्या गावातल्या कचेरीत गेली. का गेली, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. यास्मीनताई एकट्याच पडद्यासमोर बसल्या होत्या. केतकी दिसताच त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. जे कोडं त्यांना सुटत नव्हतं, ते त्या तिलाच समजावून सांगू लागल्या.

भूकंप झाला की खडकातून दोन प्रकारच्या लहरी निघतात, त्या म्हणाल्या. पहिली प्राथमिक लहर. ती खडकाला पुढेमागे ढकलत धावते आणि सर्वांत आधी पोचते. दुसरी दुय्यम लहर. ती खडकाला आडवी हलवते आणि मागून येते. आधी वीज दिसते आणि मग गडगडाट ऐकू येतो. वीज जितकी दूर पडते, तितका मधला वेळ मोठा. इथेही तसंच. दोन लहरींमधला वेळ सेकंदांत मोजायचा आणि आठाने गुणायचं, की भूकंप साधारण किती किलोमीटरवर झाला ते कळतं.

“हे बघ,” त्यांनी शाळेच्या यंत्राची रेघ दाखवली. “महिन्यापूर्वी इथे पाऊण सेकंदाचं अंतर होतं. पाऊण गुणिले आठ म्हणजे सहा किलोमीटर. शाळेपासून केंद्र तेवढंच लांब आहे. खडपवाडी त्याच्या मधोमध. भूकंप खरोखर वाडीखाली आले असतील, तर हे अंतर निम्मं व्हायला हवं. पण ते आजही पाऊणच आहे.”

मग जागल्या चुकतो का, असं केतकीने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता. यास्मीनताई म्हणाल्या की जागल्या वेगळ्या रीतीने मोजतो. इतक्या लहान भूकंपांची दुय्यम लहर अनेकदा पुसट असते, म्हणून तो फक्त पहिली लहर पाहतो. ती कोणत्या यंत्रापाशी आधी पोचली, कोणत्या यंत्रापाशी नंतर, यावरून तो जागा शोधतो. त्यासाठी पाचही यंत्रांची घड्याळं तंतोतंत जुळलेली लागतात. म्हणून प्रत्येक यंत्राला आकाशातल्या उपग्रहांकडून वेळ मिळते.

“ती खांबावरची पांढरी टोपी असते ना, तीच वेळ घेते. तिला फक्त उघडं आकाश लागतं.”

केतकीचे कान तापले. हे वाक्य तिने पूर्वी ऐकलं होतं. राखणीचं काम सोपवताना यास्मीनताईंनीच ते सांगितलं होतं. कोड्याचं उत्तर आता तिच्या समोर होतं आणि ते केवळ तिलाच ठाऊक होतं. लोखंडाखाली झाकलेल्या टोपीला आकाश दिसत नव्हतं. यंत्राचं घड्याळ आपल्या आपण चालत, रोज थोडंथोडं मागे पडत गेलं होतं. मागे पडलेल्या घड्याळावर लहर लवकर आल्यासारखी दिसते, आणि लवकर आली म्हणजे जवळून आली, असं जागल्या समजला होता.

केतकी खुर्चीवरून उठली. घरी आई वाट पाहत असेल, असं काहीतरी पुटपुटत ती बाहेर पडली आणि शाळेकडे धावत सुटली. आवारात कुणी नव्हतं. तिने सुतळी सोडली, घमेलं काढून कुंपणापलीकडे टाकलं. आता घड्याळ आपोआप जुळेल, भूकंप आपल्या जागी परत जातील आणि कुणाला काही कळणार नाही, असं तिला वाटलं. घरी जाताना तिचे पाय हलके झाले होते.

सकाळी टाकीवरचा दिवा पिवळा होता. केतकी आनंदाने कचेरीत गेली. यास्मीनताईंचा चेहरा मात्र आदल्या दिवसापेक्षा उतरलेला होता. पहाटेचे दोन धक्के पुन्हा केंद्राखाली झाले होते. पाऊण सेकंदाचं कोडं सुटलेलं नव्हतं, तरी त्या म्हणाल्या की जागल्याचं खरं धरलं तर याचा अर्थ अधिकच वाईट आहे. पंधरा दिवस भ्रंश जागा झाला होता आणि आता अचानक गप्प बसला. असा भ्रंश केव्हा पुन्हा उठेल, ते सांगता येत नाही. खडपवाडी निदान पावसाळा संपेपर्यंत रिकामी ठेवावी, असं त्या कळवणार होत्या. कदाचित वाडी तिथून कायमचीच हलवावी लागली असती.

केतकीने खिडकीतून टेकडीकडे पाहिलं. ते घामोळं आलेलं बाळ, ती गुरं, आजोबांचा डोक्यावरचा हात, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं. घमेलं काढून तिने चूक दुरुस्त केली नव्हती. ती दुसऱ्यांदा झाकली होती.

“ताई, भ्रंश जागा झालाच नव्हता,” ती म्हणाली. “टोपीवर मी घमेलं घातलं होतं.”

मग तिने सगळं सांगितलं. कैऱ्या, वाकलेला खांब, रोजचं ‘ठीक’ आणि कालचं धावत जाणं. सांगताना ती जमिनीकडे पाहत होती. यास्मीनताई रागावतील, निदान मोठ्याने बोलतील, म्हणजे बरं वाटेल, असं केतकीला वाटत होतं. तसं झालं नाही.

त्यांनी शाळेच्या यंत्राच्या जुन्या नोंदी उघडल्या. प्रत्येक नोंदीच्या कडेला एक बारीकशी खूण होती. घड्याळ जुळलेलं नाही, असा तिचा अर्थ होता. यंत्र पंधरा दिवस तेच सांगत होतं. जागल्याला ती खूण वाचायला कुणी शिकवलं नव्हतं आणि यास्मीनताईंनी स्वतः ती पाहिली नव्हती. त्यांच्याही चेहऱ्यावर लाज उतरली. मोठ्या माणसांना लाज वाटते, हे केतकीने पहिल्यांदाच पाहिलं.

काल टोपी उघडली त्या क्षणी घड्याळाने अर्ध्या सेकंदाची उडी मारलेली दिसत होती. आधीच्या नोंदींत घड्याळ जेवढं मागे पडलं होतं, तेवढा वेळ यास्मीनताईंनी त्यांत मिळवला आणि जागल्याला पुन्हा हिशेब करायला लावला. पडद्यावर खडपवाडीखालचा ठिपक्यांचा पुंजका हलला आणि एकेक ठिपका केंद्राखाली जाऊन बसला. त्यांनी आणखी एकदा, फक्त दोन लहरींमधला वेळ धरून, हातानेही पडताळून पाहिलं. दोन्ही उत्तरं जुळली. लहर एका सेकंदात पाचसहा किलोमीटर धावते, म्हणून अर्ध्या सेकंदाच्या चुकीने भूकंप तीन किलोमीटर सरकला होता.

“आता समाजमंदिरात जायचं,” यास्मीनताई म्हणाल्या. “तू झाकलंस ते तू सांग. मी पाहिलं नाही ते मी सांगेन.”

केतकीला तिथवरचा रस्ता फार लांब वाटला. लोकांसमोर उभं राहून तिने सांगितलं. कुणीतरी मागून शिवी हासडली. हेमाच्या आईने बाळाला उचललं आणि सामान बांधायला घेतलं. हेमाने पाठ फिरवली. आजोबा केतकीकडे नुसते पाहत राहिले, आणि ते पाहणं तिला शिवीपेक्षा जड गेलं. यास्मीनताईंनी आपली चूक सांगितली, तेव्हा मात्र ते म्हणाले, “म्हंजे आमच्या डोंगराखाली काय नाय?” नाही, असं त्या म्हणाल्या. “मग तां ऐकायचं येंत्र आमच्याच दारात बसवा. दुसऱ्याच्या सांगण्यावर नको.”

त्यांची मागणी योग्यच होती. यंत्रं जितकी जास्त आणि चहूबाजूंनी, तितकी एखाद्याची चूक लवकर उघडी पडते. पाचांतलं एक चुकलं तर जागल्या फसतो, पण दहांतलं एक चुकलं तर उरलेली नऊ त्याला खोटं पाडतात. जागल्याला आता ती खूण वाचायला शिकवलं होतं. एखादं यंत्र शेजाऱ्यांशी जुळलं नाही, की तो आधी त्याच्याच घड्याळावर संशय घ्यायचा.

जूनच्या आधी भुवडांच्या अंगणात सहावं यंत्र बसलं. खड्डा खणायला यास्मीनताईंनी केतकीला बोलावलं. ती गेली, पण सबंध सकाळ मान वर न करता माती काढत राहिली. आजोबा खाटेवर बसून पाहत होते. त्यांनी तिला यंत्र कसं चालतं ते विचारलं आणि तिने सगळं सांगितलं: आधी येणारी लहर, मागून येणारी लहर, आकाशातून मिळणारी वेळ. अशी यंत्रं खूप झाली, की डोंगराच्या पोटातल्या भ्रंशाचं चित्रच काढता येईल आणि तो खरंच जागा होऊ लागला तर आधी कळेल, हेही सांगितलं. आजोबांनी मान डोलावली.

खांब उभा करायची वेळ आली, तेव्हा तो केतकीला एकटीला पेलेना. हेमा दारात उभी होती. समाजमंदिरातल्या त्या दिवसापासून ती केतकीशी बोलली नव्हती. ती पुढे आली आणि तिने खांब दोन्ही हातांनी धरला.

“मला तरी तेव्हाच का नाही सांगितलंस?” तिने विचारलं.

“लाज वाटली.”

“आणि आता?”

“अजून वाटते,” केतकी म्हणाली.

हेमाने खांब सरळ धरून ठेवला, आणि केतकी त्याच्या बुंध्याशी माती ठोकत राहिली.