नऊ जणी, अठरा रेघा

"नऊच्या नऊ!" साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. "एकाच महिन्यात, एकाच खोलीतल्या नऊ बायका गरोदर! हा शिवणकारखाना आहे की चेष्टा?"

सिस्टरनं पट्ट्या पुन्हा एकदा तपासल्या. तिच्यासमोर लघवीचे नऊ कप होते, नऊ पट्ट्या होत्या, आणि प्रत्येक पट्टीवर दोन गुलाबी रेघा. महिन्यातून एकदा, आधी दिवस न सांगता, ती दवाखान्यातून पेटी घेऊन इथे यायची. साहेबांचा नियम साधा होता: दुसरी रेघ दिसली की संध्याकाळी नोकरी गेली. नियमाच्या वर पाटी होती, 'आपण सारे एक कुटुंब'.

गेलं वर्षभर एकदाही दुसरी रेघ उमटली नव्हती. साहेबांना तो शिस्तीचा विजय वाटायचा.

"चार वाजता पत्रं देतोय. तुमची सही हवी."

"चारला अजून दोन तास आहेत," सिस्टर म्हणाली. "मला आधी बायकांशी बोलू द्या."

बायकांनी तिचं स्वागत पाठ दाखवून केलं. त्यांच्या लेखी साहेबांचा पट्टा तिच्याच गळ्यात होता. ते अगदीच खोटंही नव्हतं.

"मावशी, वय काय तुमचं?" तिनं बटणं लावणाऱ्या मावशींना विचारलं.

"चोपन्न. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, पिशवी काढून सहा. आता तुझ्या पट्टीलाच विचार, बाळ ठेवलंय कुठं?"

धागे कापणारी सगळ्यात लहान होती. सगळे तिला चिमणी म्हणत. ती हाताची घडी घालून उभी होती, पण ओठ पांढरे पडले होते.

"नमुना तुझाच?"

"नाही, शेजारणीकडून उसना आणलाय."

"खरंच बाहेरून आणलास?"

"गेटवर आमचे डबे उघडतात, पाण्याची बाटलीसुद्धा हुंगतात. आणू कशातून, सिस्टर? तोंडातून?"

मागे कुणीतरी खुसखुसलं. सिस्टर नाही हसली. तिला कप आठवत होते. नऊही कपांत एकच रंग होता, पिवळाधमक. ताकदीच्या गोळ्या घेतल्यावर येतो तसा.

"तुमच्यात गोळ्या कोण घेतं?"

"पगार बघितलाय का आमचा?" मावशी म्हणाल्या.

सिस्टर थेट गेटवर गेली. वॉचमन तिशीचा, गालफडं बसलेला. बायका त्याला गेटदादा म्हणत. तिला बघताच त्यानं वही पुढे सरकवली.

"आत येताना सही केली ना? मग जाताना करा. मध्ये काय काम?"

वहीवर पिवळ्या गोळ्यांचं अर्धं पाकीट पडलं होतं.

"या कशाला?"

"अशक्तपणा वाटतो. तुम्हाला काय त्याचं?"

"पँट छान बसलीये."

"बसणारच."

सिस्टरनं कमरेकडे नीट पाहिलं. कापड तीनदा आत घेतलेलं होतं, दुहेरी शिलाईनं, कारखान्याच्याच दोऱ्यानं.

"किती दिवसांत तीनदा?"

"चार महिन्यांत." मग तो भडकला. "निघा तुम्ही! माझी पँट तपासायला आलात का?"

"नाही," सिस्टर म्हणाली. "तुला तपासायला आलेय. माझ्याकडे शेवटची पट्टी उरलीये."

पावणेचारला साहेबांच्या खोलीत सगळे जमले. साहेबांनी पत्रांचा गठ्ठा थोपटला.

"यांतली गुन्हेगार कोण?"

"यांतली नाही. नऊही कप एकाच माणसाचे आहेत," सिस्टर म्हणाली. "पिशवी नसलेल्या मावशींची पट्टी बोलली, तेव्हाच नमुना परका हे कळलं. बाहेरून बाटली येत नाही, म्हणजे देणारा गेटच्या आतला. मी आल्याचं सगळ्यांच्या आधी कुणाला कळतं? वही ज्याच्याकडे असते त्याला. गोळ्या त्याच्या, रंग त्याचा, शेवटच्या पट्टीवर त्याच्याही रेघा दोन. आणि मेहनताना शिलाईत घेतलेला, तो अंगावरच आहे."

सगळ्यांच्या माना गेटदादाकडे वळल्या.

"हो, मीच!" तो ओरडला. "गेल्या साली पाचव्या महिन्यातल्या बाईला तुम्ही माझ्याकडून बाहेर काढवलंत. तेव्हाच ठरवलं. पुरुषाचा नमुना, पट्टी बोलणारच नाही!"

"वर्षभर बोललीही नाही. आज बोलली." सिस्टरचा आवाज खाली आला. "दादा, पट्टीला बाळ कळत नाही. गर्भ राहिला की एक हार्मोन तयार होतो, तेवढाच तिला कळतो. पुरुषात तो सापडला तर बहुतेक वेळा कारण एकच, अंडकोषात गाठ. तुला लागलीये हाताला?"

त्यानं बायकांकडे पाठ केली.

"आहे. दुखत नाही. सांगणार कुणाला?"

मावशींनी पदर खोचला. "चल. मी येते. लाज इथंच ठेव, गेटवर."

"बरी होते का?" त्यानं विचारलं.

"लवकर गेलास तर बहुतेकदा होते. आज जायचं."

"थांबा!" साहेब उठले. "नियम म्हणजे नियम. पट्टी पॉझिटिव्ह, त्याची नोकरी—"

"बरोबर," सिस्टर म्हणाली आणि कोरा कागद पुढे केला. "लिहा, 'वॉचमन गरोदर असल्याने'. खाली आधी तुमची सही. एकच नमुना असल्यानं नऊ पत्रांतही हेच कारण घाला. वरच्या ऑफिसला प्रत मी पोचवते."

साहेबांनी पेन उचललं. खाली ठेवलं. मग गठ्ठा खणात गेला.

सिस्टरनं पेटी बंद केली. "पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही. दुसरी कुणी येते का पाहा. मीही पाहीन."

गेटजवळ चिमणीनं तिला गाठलं. बोलताना नजर खाली होती.

"सिस्टर... दुकानात मिळते ना ती पट्टी? घरी कशी करायची?"

"सकाळच्या पहिल्या लघवीवर. पाच मिनिटांत वाच, नंतर उमटलेल्या रेघेवर जाऊ नकोस." सिस्टरनं वहीत सही केली. "आणि बाई गं, नमुना स्वतःचा घे."