मौनातली हाक

मी रोज सकाळी पोथीचा अध्याय वाचल्याशिवाय पाणी पीत नाही. त्या पोथीवर हात ठेवून सांगते, यातलं एक अक्षरही खोटं नाही.

माझं माहेर शेळगाव. सासर इंदापूर तालुक्यातच, उजनीच्या बॅकवॉटरला लागून. गावाचं नाव लिहीत नाही.

गेल्या चैत्रातली गोष्ट. सोमवार होता.

माझे धाकटे दीर, अविराज भावोजी, बारामतीला नोकरी करतात. त्यांना मासेमारीचा नाद. एका माणसापुरती प्लास्टिकची होडी, कायाक, गाडीच्या टपावर बांधून आणतात. दोरीला पिसांची खोटी माशी लावून मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा.

सासूबाई हसायच्या. "धरल्याला मासा सोडतोस व्हय रं? मग कालवण काय फोटूचं करू?"

त्या दिवशी ते उन्हं कलल्यावर पाण्यात उतरले. मी म्हटलं, "भावोजी, आज वाऱ्याचं लक्षण बरं नाही."

"तासाभरात येतो वहिनी. तुमचं मौन सुटायच्या आत."

माझं सोमवारचं व्रत होतं. दिवेलागणीपासून आरतीपर्यंत मौन. घरादाराला सुख लाभावं म्हणून धरलेलं. पुढच्याच आठवड्यात उद्यापन होतं.

मी दिवा लावला आणि वळवाचा वारा सुटला.

धुरळ्यानं समोरचं पाणी दिसेनासं झालं. आमच्या काठाला एक रीत आहे. अशा वेळी घरच्या बाईनं काठावर उभं राहून पाण्यातल्या माणसाला हाका मारत राहायचं. आवाजाच्या रोखानं होडी येते.

सासूबाईंचे गुडघे धरलेले. त्या ओरडल्या, "वृषाले, मौन ऱ्हाऊ दे! जा, हाक मार त्याला!"

मी धावत गेले. मोबाईलची बॅटरी लावली. उजेड धुरळ्यातच विरला.

आतून आवाज आला...

"वहिनीऽऽ... हाक मारा की!"

मी तोंड उघडलं.

आणि मिटलं.

एवढे सोमवार पाळले होते. वाटलं, देव बघेल. मी जपमाळ ओढत राहिले.

पुन्हा हाक आली. लांबून.

मग आलीच नाही.

वारा होता, पण लाटांचा आवाज बंद झाला होता. पाणकोंबड्या गप्प. वस्तीवरची कुत्रीही गप्प...

किती वेळ गेला माहीत नाही. काठच्या गवतातून कायाकचं टोक बाहेर आलं.

भावोजी होते. चिंब भिजले होते. त्यांनी माझ्या पायालाच हात लावला.

"वहिनी, तुम्ही हाका थांबवल्या नाहीत म्हणून वाचलो. 'भावोजी, हिकडं... भावोजी, हिकडं...' एकसारखं. पण आवाज पाण्यावरनं कसा येत होता? माझ्या पुढं पुढं चालल्यासारखा?"

मी जपमाळ पदराखाली लपवली.

"तुम्हीच होतात ना?"

आरती व्हायची होती. मी बोलू शकत नव्हते.

मी मान हलवली. हो म्हणून.

घरी सासूबाईंनी आमची दृष्ट काढली. म्हणाल्या, "तुझा आवाज पार हितवर येत हुता गं."

वारा घराकडून पाण्याकडे वाहत होता. आणि माझा आवाज इतका बारीक, की देवघरातला स्वयंपाकघरात पोचत नाही.

उद्यापन झालं. सवाष्णी जेवल्या. भावोजींनी सगळ्यांना सांगितलं, "वहिनींनी माझ्यासाठी मौन मोडलं." सगळ्यांनी कौतुक केलं. मी खाली बघून वाढत राहिले.

मागच्या सोमवारी भावोजी आले होते. दिवेलागणीला मी कणीक मळत होते. ते दारात आले. गुडघ्यापर्यंत ओले.

"वहिनी, मला हाक मारलीत ना? काठावर तर तुम्ही दिसला नाहीत."

खरं सांगायचं, तर तेही सांगावं लागलं असतं. ते बुडत होते आणि मी गप्प उभी होते.

"मारली होती," मी म्हटलं. "मग घरात आले."

मौनातलं खोटं आणि बोलून केलेलं खोटं, यात देवाला काय फरक?

आज ते पुन्हा येणार आहेत. कायाक घेऊन. सकाळपासून फोन हातात घेते, त्यांचं 'बोला वहिनी' ऐकलं की जीभ उचलत नाही. भुताच्या गोष्टींचं हे पान ते रोज वाचतात, म्हणून इथं लिहिते आहे.

भावोजी, पाण्यावरून माझी हाक आली तर येऊ नका. त्या दिवशी मी तुम्हाला हाक मारलीच नव्हती.

एवढं लिहीपर्यंत दिवेलागण झाली. वारा सुटलाय. ओट्यावरून सासूबाई विचारतायत...

"वृषाले, अवि तर अजून आला न्हाय. मग पाण्यावर जाऊन कुणाला हाका मारतीस गं?"

मी देवघरात आहे.