उष्टी कॉफी

प्रस्तुत हकीकत अक्षरशः सत्य आहे. ज्याच्यावर हा प्रसंग गुदरला तो माझा सख्खा भाचा असून खोटे बोलणे त्याच्या स्वभावातच नाही.

भाचा प्रोग्रामर आहे. नोकरी कच्ची होती. हातातले काम त्या शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत पूर्ण झाले, तरच ती पक्की होणार होती. आणि घरात मिळवता तो एकटाच. म्हणून सुट्टी असूनही तो सकाळीच चौथ्या मजल्यावरील कार्यालयात जाऊन बसला. सोबतीला केवळ सफाईच्या मावशी.

तेथील कॉफीचे यंत्र संगणकाला जोडलेले होते. यादीत प्रत्येकाचे नाव व वेळ असे. वेळ झाली की त्याचा कप आपोआप भरे.

यादीतील एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले होते. सगळे त्यांना ‘थोरले’ म्हणत. तथापि रोज अकरा वाजता त्यांचाही कप भरत असे. प्रोग्रामर मंडळींचा दंडकच आहे, जे सुरळीत चालले आहे त्याला हात लावू नये.

भाच्याने हात लावला.

"मावशी, थोरल्यांचं नाव काढून टाकलं बघा. रोज कॉफी ओतून द्यायची तुमची कटकट गेली."

मावशींचे फडके जागीच थांबले.

"मी कुठं ओततेय? मला तर कप रोज रिकामाच सापडतो."

"मग तुम्हीच पीत असाल!"

"मेल्या, मी चहावाली! आणि त्या कपाला मी उघड्या हातानं शिवतसुद्धा नाही. बुळबुळीत असतो नुसता."

भाचा हसला. मावशी काम आटोपून निघून गेल्या.

अकरा वाजले. यंत्र गप्प राहिले.

त्याने स्वतःसाठी बटण दाबले.

कप अर्धाच भरला. कॉफी कोमट. साय एका बाजूला सारलेली... आणि कडेवर ओठांचा ओला ठसा.

त्याने ती ओतून दिली, नवा पुडा फोडून कोरा कप लावला आणि डोळ्यांत तेल घालून उभा राहिला.

यंत्राच्या आत कोणीतरी... सुर्र करून घोट घेतला.

मग कप भरला. अर्धाच. वर लाळेची तार तरंगत होती. तिच्यात मिशीचा एक पिकलेला केस...

त्याने घाईघाईने थोरल्यांचे नाव पुन्हा यादीत घातले. यत्किंचितही फरक पडला नाही.

नुसते गरम पाणी घेतले. त्यालाही न धुतलेल्या तोंडाचा दर्प.

शेवटी तो खाली उतरला. कोपऱ्यावरून झाकणबंद कॉफी आणली. जागेवर बसून झाकण उघडले...

अर्धी.

तीन वाजले. कॉफीविना डोके ठणकू लागले. पडद्यावरील अक्षरे नाचू लागली. नोकरी हातची जाणार, हे त्याला कळून चुकले.

त्याने पुन्हा यंत्राचे बटण दाबले. नाक दाबले. डोळे मिटले.

आणि तो प्यायला.

काहीतरी बारीक घशात अडकले. तेही त्याने गिळले.

पावणेपाचला काम पूर्ण झाले. साहेब फोनवर म्हणाले, "शाब्बास! दोन वर्षांत असं काम कोणी केलं नव्हतं. सोमवारी पत्र घेऊन जा."

घरी ताईने, म्हणजे त्याच्या आईने, कौतुकाने ताजी, वाफाळती कॉफी पुढे केली. पहिल्याच घोटाला त्याने ती भडाभडा ओकून टाकली.

तेव्हापासून ताजी कॉफी त्याच्या पोटात ठरत नाही.

गेल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला होता. मी अर्धा कप तसाच ठेवून चष्मा आणायला आत गेलो. परत येतो तो कप रिकामा.

तो ओशाळून म्हणाला, "मामा, रागावू नका. ऑफिस तीन दिवस बंद आहे हो, डोकं फुटायला आलं होतं. आईसमोर उष्टं कसं मागू?"

मला शिसारी आली. हा काय प्रकार आहे, याचा उलगडा मला आजतागायत झालेला नाही. पण पोर बहिणीचे आहे.

मी दुसरा कप करवून घेतला. दोन घोट प्यायलो. कप त्याच्यापुढे सरकवला.

आणि मान भिंतीकडे वळवली.